विश्लेषण : काझीरंगातील प्राण्यांना पुरात महामार्ग का ओलांडावा लागतो?

जुलै २०२४ मध्ये ब्रह्मपुत्रेच्या पुरात आसाममधील काझीरंगा राष्ट्रीय उद्यानातील २००हून अधिक वन्यप्राणी दगावले. २०१७ मध्ये हा आकडा ३५०च्या वर गेला होता. दोन्ही वेळी सर्वाधिक बळी गेले हॉग डिअर जातीच्या हरणांचे.

पूर नकोच का?

तसे नाही. पुरामुळेच तिथे गाळ येतो, तळी भरतात, जलपर्णी वाहून जाते आणि एकशिंगी गेंड्याला लागणारे गवत उगवते. पूर थांबला तर काझीरंगा हळूहळू झुडपी जंगल होईल. अडचण आहे ती पुराच्या बदलत्या स्वभावाची. हवामान बदलामुळे कमी वेळात जास्त पाऊस पडण्याचे प्रमाण वाढते आहे. २०१७ मध्ये तर जुलैचा पूर ओसरतो न ओसरतो तोच ऑगस्टमध्ये दुसरा आला.

वनखात्याने उद्यानात मातीचे उंचवटे उभारले आहेत. जुने १११ आणि नंतरचे ३३. गेंड्यांना त्यांचा उपयोग होतो. पण हत्ती आणि हरणे पूर्वापार दक्षिणेच्या कार्बी टेकड्यांकडे जातात. वाटेत महामार्ग, चहाचे मळे, हॉटेले. म्हणजे पाण्यातून वाचलेले हरीण ट्रकखाली येते. पुराच्या काळात वाहनांना 'टाइम कार्ड' दिले जाते. ठरलेल्या वेळेआधी दुसऱ्या टोकाला पोहोचल्यास दंड.

उड्डाणमार्गाने प्रश्न सुटेल?

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने या रस्त्याच्या चौपदरीकरणाला मंजुरी दिली. त्यात सुमारे ३४ किलोमीटरचा उन्नत मार्ग आहे. महामार्गाखालची वाट प्राणी वापरतात, हे पेंचजवळ नागपूर-जबलपूर मार्गावर दिसलेच आहे; तिथल्या भुयारी मार्गांतून वाघही जातात. पण खालची वाट मोकळी आणि पलीकडे हॉटेलची भिंत, असे झाले तर खांबांवरचा खर्च वाया जाईल. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये नऊ भ्रमणमार्गांतील खासगी जमिनींवर नव्या बांधकामाला आणि कार्बी टेकड्यांतील पाणलोट क्षेत्रात खाणकामाला बंदी घातली, ती याच कारणाने. उद्यानाची हद्द नकाशावर स्थिर आहे, प्राण्यांना मात्र दरवर्षी काही आठवडे तिच्याबाहेरची जमीन लागते. खरी कसोटी या बंदीच्या अंमलबजावणीची आहे, आणि ती वनखात्यापेक्षा महसूल यंत्रणेच्या हाती जास्त आहे.

उन्नत मार्ग पूर्ण होईपर्यंतचे पावसाळे तरी भिस्त टाइम कार्डवर आणि रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या वनरक्षकांवरच राहील.