निळे चित्र आणि खोटा दिलासा

‘स्पर्श नाही, वेदना नाही, किरणोत्सर्ग नाही’ असे सांगत थर्मल कॅमेऱ्याने स्तनतपासणी करणारी शिबिरे भरतात. हे तिन्ही दावे खरे आहेत. हा कॅमेरा शरीरात काही सोडत नाही. त्वचेतून बाहेर पडणारे अवरक्त किरण टिपून तापमानातला फरक रंगांत दाखवतो; थंड भाग निळा, तापलेला लाल. संकोचापायी तपासणी टाळणाऱ्या बाईला ही सोय मोलाची आहे. मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीचे, यंत्र महाग आहे आणि तरुण, घट्ट स्तनांत त्याची नजरही कमी पडते. तेव्हा या तंत्राला हसण्यावारी नेणे बरोबर नाही.

पण सोयीची तपासणी भरवशाची असतेच असे नाही. स्तनाच्या कर्करोगावरची त्वचा अधिक तापलेली असू शकते, हे कॅनडातील डॉ. रे लॉसन यांनी १९५६ मध्ये नोंदवले. मात्र खोलवरच्या लहान गाठीची ऊब त्वचेपर्यंत येईलच असे नाही. उलट साधा संसर्ग, एवढेच काय, खोलीतला पंखाही चित्र बदलतो. १९७० च्या दशकात अमेरिकेतील मोठ्या तपासणी प्रकल्पात थर्मोग्राफी, म्हणजे हीच उष्णताचित्रांची तपासणी, वापरून पाहिली, पण पुष्कळ कर्करोग निसटले आणि ती वगळावी लागली. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ती मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, असा इशारा २०१९ मध्येही दिला. आता बंगळुरूच्या ‘निरामई’सारख्या कंपन्या ही चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून वाचून घेतात. प्रयत्न आशादायक आहे. पण त्यामुळे मृत्यू टळतात का, हे दीर्घ चाचण्यांनीच ठरेल.

हेच तंत्र मधुमेहींच्या पायांसाठी उपयोगी पडते. एका तळव्यावरची जागा दुसऱ्या तळव्यावरच्या त्याच जागेपेक्षा २.२ अंश सेल्सिअसहून अधिक तापलेली राहिली, तर ती जखमेची पूर्वसूचना मानतात. इथे अंदाज चुकला तर चार दिवसांची विश्रांती फुकट जाते. स्तनाच्या बाबतीत चुकला, तर उपचाराचे महिने हातचे जातात.

मग मॅमोग्राफी न परवडणाऱ्या वस्त्यांनी काय करावे? टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर १९९८ पासून केलेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. वीस वर्षांनंतर पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधील स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी आढळले. पन्नाशीच्या आत तसा लाभ दिसला नाही, हेही सांगायला हवे. तरी स्वस्त उपायाला पुरावा लागतो आणि तो मिळवता येतो, हे याच शहराने दाखवले आहे.

म्हणून थर्मल कॅमेऱ्यावर बंदी नको, पण त्याला एकट्याने निर्णय देण्याचा अधिकारही नको. ‘चित्र नॉर्मल आहे, म्हणजे कर्करोग नाही असे नव्हे’ हे वाक्य प्रत्येक अहवालावर ठळक मराठीत छापणे सक्तीचे करावे. आणि हाताला गाठ लागत असेल, तर चित्र कितीही निळे येवो, डॉक्टरकडे जाणे लांबवू नये.