निर्यातीला तपासणी, घरच्या लेकरांना विष

१९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. त्यांचा बळी रोगाने नव्हे, औषधाने घेतला. ग्लिसरीन म्हणून पाजलेल्या द्रवात मूत्रपिंडे निकामी करणारे डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने पुरवठादारांपासून मंत्र्यांपर्यंत साऱ्यांची लक्तरे वेशीवर टांगली. त्यातून राज्यकर्ते काय शिकले? २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके मृत्युमुखी पडली. त्यांतील कित्येकांनी उपचारासाठी आणल्यावर नागपुरात प्राण सोडले. विष तेच! ०.१ टक्क्यापलीकडे जे चालत नाही, ते त्या औषधात ४८.६ टक्के निघाले.

मुक्त बाजारपेठेचे भाट सांगतात की, ग्राहक हा राजा असून निकृष्ट माल विकणारा आपोआप बाजारातून उठतो. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माझ्यासारख्याला औषधाच्या बाबतीत हा युक्तिवाद म्हणजे क्रूर थट्टा वाटते. औषध डॉक्टर ठरवितो, पैसे बाप मोजतो आणि बाटलीत काय आहे हे कारखान्याबाहेर कोणालाच कळत नाही. या राजाला आपली फसगत उमगते ती मूल गेल्यावर. म्हणूनच औषधांची तपासणी हे शासनाचे कर्तव्य आहे. ते बाजारावर सोपविता येत नाही.

आणि ही तपासणी अशक्य आहे काय? २०२२ साली गॅम्बियातील सुमारे सत्तर बालमृत्यूंशी भारतीय सिरपांचे नाव जोडले गेले. जगात नाचक्की होताच, १ जून २०२३ पासून निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या औषधांची शासनमान्य प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली. व्यापाराची अब्रू वाचविण्यासाठी जे वर्षभरात साधले, ते छिंदवाड्याच्या बालकांसाठी साधले नाही. उलट त्याच वर्षी ‘जन विश्वास’ कायद्याने, दर्जाहीन औषधांचे काही गुन्हे पैसे भरून मिटविण्याची वाट मोकळी केली. हा विश्वास कोणत्या जनांचा?

एखाद्या कारखानदाराला वा डॉक्टरला बेड्या ठोकल्या की शासन हात झटकते. आपण ते झटकू देता कामा नये. मुलांच्या सिरपच्या प्रत्येक बॅचची विक्रीपूर्व तपासणी, औषध निरीक्षकांच्या रिक्त जागांची तातडीने भरती आणि प्रयोगशाळांचे अहवाल जनतेसमोर खुले, या तीन मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी प्रत्येक जिल्ह्यातील अन्न व औषध प्रशासनाच्या दारात उभे राहिले पाहिजे. पुढच्या चौकशी आयोगाची वाट पाहणे म्हणजे पुढच्या बळींना संमती देणे होय.