सुट्या हायड्रोजनचा प्रश्न

राज्य मंत्रिमंडळाने जुलै २०२३ मध्ये हरित हायड्रोजन धोरणास मान्यता दिली आणि त्यासाठी ८,५६२ कोटी रुपयांची तरतूद केली. त्याच वर्षी जानेवारीत केंद्राने १९,७४४ कोटींचे राष्ट्रीय अभियान मंजूर करून २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट ठरविले होते. तेव्हापासून ही चर्चा जवळजवळ सर्वस्वी विजेच्या दराभोवती आणि अनुदानाभोवती फिरत राहिली. हायड्रोजन हा पदार्थ वागतो कसा, हा प्रश्न रसायनशास्त्राच्या वर्गात ठेवून देण्यात आला. वस्तुतः धोरणाचे यशापयश बऱ्याच अंशी त्या वागण्यावर अवलंबून आहे.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो. त्यामुळे हायड्रोजनवर किंचित धनभार उरतो आणि तो शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे आकर्षिला जातो. हाच हायड्रोजन बंध. रेणूच्या अंतर्गत बंधाच्या मानाने त्याचे बळ विसाव्या हिश्शाच्या आसपास. पण त्याचा प्रताप मोठा आहे. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ दुप्पट जड, तरी तो उणे ६० अंशांवरच उकळतो. पाण्याला १०० अंश लागतात. नवी मुंबईच्या मोरबे धरणात पाणी द्रवरूपाने साठून राहते ते या दुबळ्या बंधाच्या जोरावर. (२०११ साली स्वीकारलेल्या त्याच्या नव्या आंतरराष्ट्रीय व्याख्येसाठी झटणाऱ्या गटाचे प्रमुख बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ई. अरुणन होते, हे जाता जाता सांगावयास हवे.)

विजेने पाणी फोडून हायड्रोजन मोकळा केला, की चित्र पालटते. त्याच्या रेणूतील दोन्ही अणू सारखेच; कोणी कोणाकडून काही ओढून घेत नाही, म्हणून शेजाऱ्याशी असा बंधही जुळत नाही. परिणामी हा वायू द्रवरूप करावयाचा तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. नेहमीच्या दाबाला एक किलो हायड्रोजन सुमारे १२ घनमीटर जागा व्यापतो. तो दाबून भरणे वा गोठणबिंदूच्या इतके खाली नेणे, दोन्हींत वीज खर्ची पडते. आणि एक किलो मिळविण्यातच ५० युनिटांच्या आसपास वीज आधी गेलेली असते. ५० लाख टनांस वर्षाकाठी २५,००० कोटी युनिटे, म्हणजे देशाच्या वीजनिर्मितीचा साधारण सातवा भाग!

त्या मानाने पाण्याची भीती अवास्तव आहे. एक किलोस नऊ किलो पाणी, या हिशेबाने देशाच्या संपूर्ण उद्दिष्टास दिवसाला सुमारे १२ कोटी लिटर पाणी लागेल. मोरबेची रोजची क्षमता ४५ कोटी लिटर आहे. शुद्धीकरण आणि शीतकरण धरून ही गरज कितीतरी वाढेल, हे खरे. परंतु कोपरखैरणे आणि ऐरोली येथे सांडपाण्यावर तृतीय स्तराची प्रक्रिया करून ते उद्योगांना पुरविण्याची व्यवस्था महापालिकेने केलेलीच आहे. तेच पाणी आणखी शुद्ध करून वापरता येईल.

सबब, अडचण पाण्याची नसून वाहतुकीची आहे. जो पदार्थ बांधून ठेवणे इतके महाग, तो जेथे लागतो तेथेच करावा, हे सरळ व्यवहारज्ञान. खाडीपलीकडे माहुलच्या दोन तेलशुद्धीकरण कारखान्यांना हायड्रोजन रोजच लागतो. तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या, राष्ट्रीय केमिकल्समध्ये त्यापासून अमोनिया होतो. हा हायड्रोजन प्रामुख्याने नैसर्गिक वायूसारख्या इंधनांतून येतो आणि कर्बवायू हवेत सोडतो. अमोनियाच्या रेणूंत हायड्रोजन बंध जुळतात. तो उणे ३३ अंशांवरच द्रव होतो आणि त्याच्या टाक्या व जहाजे जगभर वापरात आहेत. दूर पाठवावयाचेच असेल तर ते या रूपात पाठवावे.

असे असता राज्याच्या धोरणात हायड्रोजन भरण्याच्या पहिल्या २० केंद्रांना आणि पहिल्या ५०० प्रवासी वाहनांना ३० टक्के भांडवली अनुदान देऊ केले आहे. शहरातील बस बॅटरीवर बऱ्यापैकी धावते. तिच्यासाठी वायू दाबून नेण्याचा खटाटोप कशाला? तोच पैसा माहुल, ट्रॉम्बे आणि तळोजे येथील जुना हायड्रोजन बदलण्यास प्रथम लावावा, आणि वाहनांचा विचार त्यानंतर करावा.