उच्चाटन २०४७ साली. पण आज जन्मलेल्या मुलाचं काय?

दरवर्षी १९ जूनला जागतिक सिकलसेल दिवस येतो. विदर्भात त्या दिवशी रॅली निघते, फलक लागतात, आश्रमशाळांमधून भाषणं होतात. भाषणांचा सारांश एकच असतो : लग्नाआधी रक्त तपासून घ्या, वाहकाने वाहकाशी लग्न करू नका, म्हणजे २०४७पर्यंत हा आजार देशातून हद्दपार होईल. या सल्ल्याशी माझं भांडण नाही. भांडण याच्याशी आहे की, सल्ला संपला की कार्यक्रमही संपतो. हा आजार घेऊन जे मूल आधीच जन्मलंय, ते या भाषणात कुठेच नसतं.

आधी आजार समजून घेऊ. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. व्हर्नन इंग्रम या शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात हा बदल नेमका शोधून काढला. एवढ्याशा फरकाने ऑक्सिजन कमी पडताच गोल, लवचिक रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं फुटावीत अशा वेदना, वारंवार जंतुसंसर्ग, रक्तक्षय, कधी लहान वयातच पक्षाघात. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असा हा हिशेब नाही. दर खेपेला फासा नव्याने पडतो.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ, नंदुरबार, धुळे. नकाशा पाहिला की उत्तर मिळतं. हा प्रामुख्याने आदिवासींचा आणि दलितांचा आजार आहे, काही ओबीसी समाजांतही तो आहे. मलेरियाच्या प्रदेशात वाहकांना मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळालं, म्हणून हे जनुक पिढ्यान् पिढ्या टिकलं. सबब हा कुणाच्या कर्माचा किंवा रक्ताच्या अशुद्धतेचा मामला नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया उच्चाटन मिशन सुरू झालं. १७ राज्यं, ४० वर्षांपर्यंतचे सात कोटी लोक, तीन वर्षांत तपासणी आणि प्रत्येकाला कार्ड. इतक्या मोठ्या प्रमाणावर आदिवासींच्या आजाराची दखल घेतली गेली, याचं स्वागतच करायला हवं. मिशनच्या कागदावर उपचारही आहेत. पण मोजलं काय जातं? तपासण्या आणि कार्डं. किती मुलांना रोजचं औषध सुरू झालं आणि ती पाच वर्षांची होईपर्यंत जगली का, हा आकडा व्यासपीठावरून मी कधी ऐकला नाही.

मुळात ‘उच्चाटन’ हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. देवी रोगाचं उच्चाटन झालं, कारण त्याचा विषाणू संपवता आला. इथे संपवायचा विषाणू नाही. वाहकाने निरोगी जोडीदाराशी लग्न केलं, तरी त्यांची निम्मी मुलं वाहक असू शकतात. म्हणजे जनुक राहणारच. ‘उच्चाटना’चा व्यवहारातला अर्थ एवढाच उरतो की अशी मुलं जन्माला येऊ नयेत. जी आली, त्यांच्याविषयी हा शब्द गप्प आहे.

त्यांच्यासाठी काय करता येतं, हे जगाला चाळीसएक वर्षांपासून ठाऊक आहे. जमैका हा काही श्रीमंत देश नाही. तिथे डॉ. ग्रॅहम सर्जंट यांच्या चमूने १९७३पासून किंग्स्टनमध्ये एक लाख नवजात बाळांचं रक्त तपासलं आणि आजारी बाळांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. या बाळांची पानथरी, म्हणजे प्लीहा, अचानक रक्त साठून फुगते आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. त्यांनी आयांना बाळाचं पोट चाचपून पानथरी ओळखायला शिकवलं. फुगलेली लागली की दवाखाना गाठायचा. मृत्यू लक्षणीय कमी झाले. याला कुठलं यंत्र लागलं? आईचा हात.

१९८६मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवलं की, लहान मुलांना दिवसातून दोनदा पेनिसिलिन दिलं तर न्यूमोकॉकस जंतूचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतात. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवला गेला. १९९८मध्ये सिद्ध झालं की मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी करून धोक्यातल्या मुलांना नियमित रक्त दिलं, तर पहिला पक्षाघात बहुतांश टाळता येतो. हायड्रॉक्सीयुरिया हे जुनं, तोंडाने घ्यायचं औषध वेदनेचे झटके कमी करतं, हे १९९५मध्ये प्रौढांत आणि २०११मध्ये तान्ह्या बाळांतही दिसलं. २०१९मध्ये अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या मुलांवरचा अभ्यास आला. तिथेही हे औषध सुरक्षित ठरलं, शिवाय वेदना, संसर्ग आणि मृत्यू घटले. आपले देशी कारखाने हे औषध बनवतात. पण सहज मिळते ती ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल, मोठ्यांसाठीची. दहा किलोच्या बाळाच्या आईने ती कशी विभागायची?

डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेने या आजारावरच्या दोन जनुकीय उपचारांना मान्यता दिली. स्वस्तातल्या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने १८ कोटी रुपयांहून जास्त. आपल्याकडेही जनुक-दुरुस्तीवर संशोधन चालू आहे. ते व्हायलाच हवं. पण भविष्यातल्या चमत्काराच्या बातमीवर टाळ्या वाजवताना आज पेनिसिलिनची गोळी का पोहोचत नाही, हा प्रश्न बाजूला पडतो.

माझ्या परिचयाचं एक आदिवासी कुटुंब यवतमाळ जिल्ह्यात राहतं. मुलगा नऊ वर्षांचा. तीन वर्षांचा असताना तपासणी झाली, कार्ड मिळालं. गेल्या हिवाळ्यात त्याचे पाय इतके दुखू लागले की तो किंचाळत होता. सरकारी दवाखान्यात त्याला वेदनाशामक देऊन ‘शाळा बुडवायची नाटकं’ म्हणत घरी पाठवलं. मी आईला विचारलं, रोजचं औषध काय चालू आहे? ती म्हणाली, “कार्ड त देलं भाऊ, पन गोयी कोनतीच नाही देली.” सहा वर्षं राज्याला ठाऊक होतं की हे मूल आजारी आहे. त्या माहितीचा उपयोग फक्त एकदाच होणार आहे, त्याचं लग्न ठरताना.

आणि फक्त कार्डाने लग्नं तरी बदलतात का? ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस गावात १९७०च्या सुमारास हाच प्रयोग झाला. गावाची तपासणी केली, प्रत्येकाला निकाल सांगितला. परिणामी वाहकांवर डाग लागला, लोक निकाल लपवू लागले, आणि वाहक-वाहक विवाहांचं प्रमाण योगायोगाने झालं असतं तेवढंच राहिलं. अमेरिकेत १९७०च्या दशकात घाईने तपासणीचे कायदे झाले; निरोगी वाहकांना नोकरी आणि विम्यात अडवलं गेलं. सौदी अरेबियात आजाराचा मोठा पट्टा आहे. तिथे २००४पासून निकाहाआधी तपासणी सक्तीची आहे, निर्णय मात्र जोडप्याचा. सुरुवातीला धोक्यातल्या बहुतेक जोडप्यांनी लग्न केलंच. समुपदेशन वर्षानुवर्षं चाललं, तेव्हा चित्र हळूहळू बदललं.

रोगाला समाजाचं नाव चिकटलं की काय होतं, हे मुसलमानांना कुणी शिकवायला नको. २०२०च्या एप्रिलमध्ये करोना आमच्या नावावर लिहिला गेला. भाजीवाल्याचं नाव विचारून गाडा हाकलला गेला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं म्हटलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. म्हणून आदिवासी मुलीच्या हातात रंगीत कार्ड देताना मला धास्ती वाटते. पाहुणे वाहक मुलाला सून देतात, वाहक मुलीला नाकारतात. नुसत्या तपासणीतून आरोग्य येत नाही, बऱ्याचदा फक्त ओळख येते.

कायदाही अर्धाच आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं. पण त्याच कायद्यातल्या नोकरीच्या चार टक्के आरक्षणात रक्ताचे आजार नाहीत. प्रमाणपत्र मिळतं, जागा मिळत नाही.

कुणी म्हणेल, उपचारापेक्षा प्रतिबंध स्वस्त. मान्य. लग्नाआधी माहिती मिळणं हा तरुणांचा हक्कच आहे. पण प्रतिबंध स्वस्त आहे म्हणून जिवंत मुलाचं औषध बंद ठेवणं, हे कुठल्या हिशेबात बसतं?

मागण्या साध्या आहेत. आजाराच्या प्रत्येक जिल्ह्यात नवजात बाळाची तपासणी व्हावी, आणि तीही योग्य चाचणीने. स्वस्त सोल्युबिलिटी टेस्ट तान्ह्या बाळात भरवशाची नसते आणि वाहक कोण, रुग्ण कोण हेही सांगत नाही. निदान झालं त्या दिवसापासून पाचव्या वर्षापर्यंत पेनिसिलिन आणि वेळेवर सगळ्या लसी. मुलांच्या मात्रेतलं हायड्रॉक्सीयुरिया प्राथमिक आरोग्य केंद्रात. आशा सेविकेकडून प्रत्येक आईला पानथरी तपासण्याचं प्रशिक्षण. जिल्हा रुग्णालयात डॉप्लर. वेदनेला नाटक न म्हणणारे डॉक्टर आणि शिक्षक.

पुढच्या १९ जूनला व्यासपीठावरून कार्डांचा आकडा सांगितला जाईल. तेव्हा समोर बसलेल्यांनी उठून एवढंच विचारावं : आपल्या तालुक्यात किती मुलं आजारी आहेत, आणि त्यातल्या किती मुलांनी आज सकाळी औषध घेतलं?