मुंबईच्या मंडया कुणासाठी बांधायच्या?

मुंबईच्या संस्कृतीचा विषय निघाला की नाट्यगृहे, ग्रंथसंग्रहालये आणि गणेशोत्सव यांची नावे घेतली जातात. मंडया आणि बाजार मात्र वाहतूक कोंडीच्या, नाहीतर धोकादायक इमारतींच्या बातम्यांतच भेटतात. ही वाटणी शहराच्या इतिहासाला धरून नाही. लालबागचेच पाहा. तिथला पेरू चाळीचा बाजार १९३२ मध्ये बंद झाला आणि कोळी व इतर विक्रेते उघड्यावर आले. हक्काची जागा मिळावी म्हणून त्यांनी गणपतीला नवस केला. जागामालक रजबअली तय्यबअली यांनी बाजारासाठी जागा दिली आणि १९३४ मध्ये नवस फेडायला जो गणपती बसवला गेला, तो आज लालबागचा राजा म्हणून ओळखला जातो. दर्शनाच्या रांगेत तासन् तास उभे राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की या उत्सवाच्या मुळाशी मासळी आणि भाजी विकायला चार हात जागा मिळावी, एवढीच मागणी होती? मुंबईत बाजार आधी आला आणि संस्कृती त्याच्या अंगाने वाढली, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच मंडईचा पुनर्विकास हा नुसता चटईक्षेत्राचा हिशेब असू शकत नाही.

बंदराच्या शहरात माणसे एकमेकांना न ओळखता येतात आणि व्यवहारासाठी त्यांना एकमेकांची ओळख करून घ्यावीच लागते. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने व्यापाऱ्यांना धर्मपालनाची मोकळीक देऊन मुंबईत बोलावले, तेव्हा त्याला भरभराट हवी होती, सहिष्णुता हे तिचे साधन होते. पण त्या धोरणातून पारशी, भाटिया, बोहरी, खोजे, मेमन, कोकणी मुसलमान, बेने इस्रायल आणि पाठारे प्रभू शेजारी-शेजारी दुकाने थाटून बसले. १८२२ मध्ये फर्दुनजी मर्झबान यांनी सुरू केलेल्या ‘मुंबई समाचार’मध्ये जहाजांच्या आणि खरेदी-विक्रीच्या बातम्या आघाडीवर असत. नाना शंकरशेट हे व्यापारी घराण्यातले. त्यांनी दिलेल्या जागेवर ग्रँट रोडचे थिएटर उभे राहिले. १८५३ साली तिथे विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने खेळ केले आणि त्याच वर्षी तिथेच पारशी नाटक मंडळीनेही पडदा उघडला. सांगलीत राजाश्रयाने उभे राहिलेले नाटक मुंबईत तिकिटावर आले. ज्याच्या हातात तिकिटाचे पैसे, त्याला खुर्ची. आपल्या रंगभूमीला मिळालेला हा बाजाराचा नियम मला फार मोलाचा वाटतो.

हे सारे शेठजींच्या दानधर्माने घडले, असे कुणी म्हणेल. दानधर्म होताच. पण बाजाराची शिकवण त्याहून खालच्या पायरीवर, रोजच्या देवघेवीत आहे. मंडईत सकाळची भवानी झाली की कोळीण ती नोट कपाळाला लावते आणि मगच कनवटीला खोचते. नोट देणारा कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, याची चौकशी ती करत नाही. घासाघीस होते, आवाज चढतो, आणि शेवटी वर एखादी बोंबलाची जुडी पडते. ‘पैसे उद्या द्या’ असे म्हणणारी ओळख अशीच तयार होते. दाणाबंदरात घाटावरून आलेल्या कामगारांनी पाठीवर पोती वाहिली, अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. रोजंदारीवरच्या हमालालाही भविष्यनिर्वाह निधी असावा, हा विचार या राज्यात बाजाराच्या बोळातून आला.

बाजाराचे सोवळे चित्र मात्र मला रंगवायचे नाही. सर जमशेटजी जीजीभाईंच्या नावाने रुग्णालय आणि कलाशाळा उभी करणाऱ्या संपत्तीत चीनला गेलेल्या अफूचाही पैसा होता. १९९२-९३ च्या दंगलीत दुकाने हेरून जाळली गेली, तेव्हा वर्षानुवर्षांची उधारीची ओळखही त्यांना वाचवू शकली नाही. बाजार माणसाला सज्जन करतो, असा माझा दावा नाही. तो माणसाला परक्याशी बोलायला भाग पाडतो, आणि ही सवय मोडली की पुन्हा लावायला पिढ्या जातात. दंगलीनंतर त्याच गल्ल्यांतले व्यवहार पुन्हा सुरू झाले, ते या सवयीमुळेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गर्दी, आगीचा धोका, ट्रकांची रांग या गोष्टी खऱ्या आहेत. कांदा-बटाट्याचा, भाजीचा, मसाल्याचा घाऊक व्यापार दक्षिण मुंबईतून वाशीला हलवला, हे बरेच झाले, आणि जुन्या इमारती पडण्याची वाट पाहणे कुणाच्याच हिताचे नाही. मॉल आणि मोबाइलवरची खरेदी हाही व्यापारच आहे, हेही कबूल. पण मॉलमध्ये पाटी घेऊन बसायला कुणाला जागा नसते, आणि घरपोच पार्सलमध्ये विकणाऱ्याचा चेहरा नसतो. गिऱ्हाइकाची सोय तिथे होते, विक्रेत्याची जागा जाते. पलटण रोडवरच्या छत्रपती शिवाजी महाराज मंडईची इमारत धोकादायक ठरल्यावर तिथल्या मासळी विक्रेत्यांना ऐरोलीला हलवण्याचे ठरले, तेव्हा कोळीणी रस्त्यावर उतरल्या. त्यांचा विरोध दुरुस्तीला नव्हता. ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यापासून, रोजच्या गिऱ्हाइकापासून तुटल्यावर धंदा कसला करायचा, हा त्यांचा सवाल होता आणि तो रास्त होता.

१८६९ मध्ये बांधलेल्या क्रॉफर्ड मार्केटचे, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईचे, लॉकवूड किपलिंगने घडवलेले शिल्पपट आपण वारसा म्हणून जपतो. त्या छताखाली बसणाऱ्यांनाही तोच मान मिळायला हवा. फेरीवाल्यांसाठीच्या २०१४ च्या कायद्याने नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा त्यांच्याच प्रतिनिधींना दिल्या आहेत. महापालिकेने हेच तत्त्व मंडयांच्या पुनर्विकासाला लावावे. प्रत्येक परवानाधारकाचा गाळा किंवा ओटा नव्या नकाशात, तळमजल्यावर आणि त्याच भूखंडावर दाखवल्याशिवाय कोणत्याही विकासकाला बांधकामाची परवानगी देऊ नये.