आधी वही, मग वेल्डिंग

भिलाईत लोखंडाविषयी कोणाला संकोच वाटत नाही. १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून या शहराच्या तीन पिढ्या पोलादाच्या सान्निध्यात वाढल्या. विदर्भातून नोकरीसाठी तेथे जाऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्यांत आली. वेल्डर, लेथ आणि हवा तेवढा जाड पत्रा ही तिन्ही साधने हाताशी असल्यामुळे पिकअप गाडीला नवा बंपर किंवा छतावर जाळी बसवावी असे मनात आले, की संध्याकाळपर्यंत ती बसलेलीही असते. इतर शहरांत ज्या कामाला महिना लागतो ते येथे दिवसात होते. अडचण नेमकी येथेच आहे. काम सोपे असले की त्याचा आराखडा करण्याची गरज कोणाला भासत नाही.

कच्च्या रस्त्यांवर चालणारी, चारही चाकांना ताकद मिळणारी पिकअप गाडी आपल्याकडे तशी जुनीच. जबलपूरच्या वाहन कारखान्यात सैन्यासाठी तयार होणारी जोंगा आणि एक टनी निसान या गाड्या लिलावात निघत आणि मध्य भारतातील हौशी मंडळी त्या घेऊन पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवीत. गाडीत बदल करण्याच्या कलेचे ते या भागातील विद्यापीठच म्हणावे लागेल. पुढे २००७ मध्ये स्कॉर्पिओ गेटअवे, त्यानंतर टाटा झेनॉन, २०१६ मध्ये इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये टोयोटा हायलक्स आली. गाडीची किंमत लाखांच्या दोन आकडी घरात पोचली. ती घेणारा बहुधा एखादा ठेकेदार, खाणभागात सर्वेक्षणाची कामे घेणारा तरुण, किंवा मग वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतून मार्जिन भरून उरलेले कर्ज उचलणारा मुलगा असतो. म्हणजे लिलावातली जोंगा बिघडली तर हौस बिघडत असे. आज गाडी बिघडली तर घराचे अंदाजपत्रक बिघडते.

असे असूनही बदलांचा क्रम बहुतेकांचा उलटाच असतो. प्रथम दिव्यांची लांब पट्टी, मग भरभक्कम बंपर, मग उंची वाढविण्याचे संच, मग रुंद टायर. आणि चिखलातून गाडी बाहेर कशी काढावी याचा विचार ती चिखलात रुतल्यावर. डोळ्यांना दिसणारे आधी आणि उपयोगी पडणारे शेवटी, असा हा प्रकार. वास्तविक भिलाईकरांना नियोजन शिकविण्याची गरज नाही. त्यांच्या कारखान्याची क्षमता दहा लाख टनांवरून १९६७ मध्ये पंचवीस लाखांवर आणि १९८८ मध्ये चाळीस लाखांवर गेली, ती केवळ भट्ट्या वाढवून नव्हे. कोक, वीज, पाणी, रेल्वेचे रूळ आणि खाणी यांचा मेळ बसल्याखेरीज नवी भट्टी शोभेची ठरते, हे त्या कारखान्यात काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. घरासमोरच्या गाडीलाच तो हिशेब का लावला जाऊ नये?

पहिला प्रश्न असा की गाडी जाणार कोठे? छत्तीसगडचा शेतकरी जमिनीला चार नावांनी ओळखतो : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा म्हणजे लालसर, मुरमाड, कठीण जमीन. कन्हार म्हणजे काळी, चिकट. उन्हाळ्यात दोन्हींवरून साधी मोटारसुद्धा जाईल. पहिल्या पावसानंतर मात्र कन्हारची माती टायरच्या खाचांत अशी भरते की टायर गुळगुळीत लाटण्यासारखा फिरू लागतो. तेथे मोठ्या, मोकळ्या खाचांचे चिखलासाठीचे टायर लागतात. परंतु ज्याची गाडी वर्षातले तीनशे दिवस डांबरी रस्त्याने रायपूरला जाते आणि उरलेले दिवस मुरमावर, त्याने तसले टायर घेणे म्हणजे पैसे देऊन आवाज, कंप आणि ओल्या डांबरावरची कमी पकड विकत घेणे होय. त्याला सर्व प्रकारच्या रस्त्यांसाठी असलेले मध्यम टायर पुरेत. सुमारे ९० किलोमीटरवरच्या दल्ली-राजहऱ्याला नित्य जाणाऱ्याचा शत्रू आणखी वेगळा. तेथील लोहखनिजाची लाल धूळ एअर फिल्टर लवकर भरून टाकते. इंजिनाची हवा छताच्या पातळीवरून घेणारी उभी नळी अशा माणसाला धुळीसाठी उपयोगी पडते. लोक मात्र ती पाण्यासाठी बसवतात. शिवनाथेच्या किंवा तांदुळ्याच्या परिसरातील रपट्यावरून पाणी वाहत असताना केवळ नळीच्या भरवशावर गाडी घालणे हा निव्वळ अविचार आहे. इंजिन कोरडे राहिले तरी गिअरबॉक्स आणि धुऱ्यांच्या श्वासनलिका खालीच असतात, आणि प्रवाहाला गाडी उचलण्यासाठी नळीची परवानगी लागत नाही.

टायरचा आकार वाढविण्यापूर्वी एक गणित घरीच मांडून पाहावे. २४५/७० आर १६ या टायरचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २६५/७५ आर १६ घातला तर तो सुमारे ८०४ होतो. म्हणजे चाक सात टक्क्यांहून अधिक मोठे झाले. जमिनीपासूनची उंची वाढते ती या फरकाच्या निम्मी, जेमतेम २७ मिलिमीटर. त्याच्या बदल्यात वेगमापक ८० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८५-८६ च्या वेगाने धावत असेल, चढणीवर गिअर कमी पडतील आणि तेच ब्रेक अधिक जड चाकाला थांबवीत राहतील. बोटभर उंचीसाठी एवढे मोल द्यावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ते ठरवून द्यावे. त्याउलट चिखलात किंवा वाळूत मूळ टायरमधील हवा ३५ वरून १८-२० पर्यंत उतरवली, तर टायर जमिनीवर पसरतो आणि पकड लक्षणीय वाढते. याला खर्च येतो तो हवा मोजण्याच्या मापकाचा आणि परत भरण्याच्या छोट्या पंपाचा. दुकानदार हा उपाय आपण होऊन फारसा सुचवीत नाही, याचे कारण सांगण्याची आवश्यकता नसावी.

वजनाकडे तर कोणाचेच लक्ष नसते. उत्पादकाने ठरविलेले कमाल एकूण वजन हे बँकेच्या कर्जमर्यादेसारखे असते. त्यातून मोकळ्या गाडीचे वजन वजा केले की उरते ती उचल. आता ढोबळमानाने पाहा. पोलादी बंपर ५०-६० किलो, तारदोरासह विंच ३५-४०, छतावरची जाळी ४०, मागच्या हौद्यावरचे झाकण ७०, दुसरी बॅटरी २०, आणि पाच मोठ्या टायरांचे जादा वजन मिळून ४० किलो. एकही पोते किंवा माणूस चढण्याआधी अडीचशे किलोंहून अधिक उचल झाली. त्यानंतर मागे जादा पाटे घालून गाडीची पाठ सरळ केली जाते आणि प्रश्न सुटला असे समजले जाते. पाट्यांनी गाडी उचलली, पण चॅसिस, धुरा, बेअरिंग आणि ब्रेक होते तेच राहिले. दुहेरी केबिनच्या पिकअपमध्ये मागच्या धुऱ्यामागे लोंबणारा भार खड्ड्यांतून आदळत राहिला, तर चॅसिस केबिनमागे वाकते, आणि वाकलेली चॅसिस ही गाडीची बहुधा अखेरच असते. म्हणून वहीच्या एका पानावर प्रत्येक वस्तूसमोर किमतीबरोबर किलोही लिहावेत. भिलाईत वजनकाट्यांना तोटा नाही. गाडी भरून एकदा काट्यावर नेऊन यावी.

सर्वांत अगोदर खरेदी करावी अशी वस्तू सर्वांत कमी आकर्षक आहे. चॅसिसला पक्के बोल्ट केलेले ओढणीचे हूक पुढे-मागे, भारक्षमतेचा शिक्का असलेले दोन शॅकल आणि एक चांगला पट्टा. कारखान्यातील क्रेनच्या स्लिंगवर सुरक्षित भाराचा शिक्का नसेल तर तेथला कोणताही जबाबदार कामगार तिच्याने भार उचलणार नाही. तोच माणूस रविवारी रुतलेल्या गाडीला घरातली साखळी बांधतो आणि दुसऱ्या गाडीच्या ट्रेलर ओढण्याच्या गोळ्याला अडकवतो. ताणाखाली तो गोळा तुटला की तोफगोळ्यासारखा सुटतो. जगभरात यामुळे माणसे दगावली आहेत. विंच घ्यायचीच असेल तर तिची ओढ गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट असावी हा सर्वमान्य संकेत आहे, आणि दोर ताणलेला असताना बघ्यांनी दूर उभे राहावे हा त्याहून महत्त्वाचा.

आता कायद्याविषयी. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व ठामपणे मांडले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. बंपरापुढच्या लोखंडी गजांवर कारवाई करण्याविषयी केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळविले होते. पादचाऱ्याला त्यांचा धोका असतोच, शिवाय धडकेचा धक्का ते थेट चॅसिसकडे पोचवितात.

या कायद्याचा हेतू योग्य असला तरी त्याची रचना बोथट आहे, असे म्हणणे भाग आहे. झगमगाटासाठी गाडी विद्रूप करणारा आणि खाणभागात सुरक्षित जाता यावे म्हणून विचारपूर्वक बदल करणारा, दोघेही त्याच्या दृष्टीने जवळजवळ सारखेच. ऑस्ट्रेलियात हलक्या वाहनांतील बदलांसाठी राष्ट्रीय आचारसंहिता आहे; मान्यताप्राप्त अभियंत्याने तपासून प्रमाणित केलेली पाटे-स्प्रिंगची सुधारणा, एवढेच काय वाढीव कमाल वजनही, तेथे अधिकृत नोंदीत येऊ शकते. आपल्याकडे सीएनजी संचाला मान्यता देण्याची पद्धत आहे, तर हूक, पाटे आणि टायर यांनाच ती का नसावी? तशी व्यवस्था झाली तर चोरून होणारे काम उजेडात येईल आणि भिलाईच्या कुशल वेल्डरलाही त्याच्या कामावर स्वतःची सही करता येईल. तोपर्यंत मात्र कोणताही मोठा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी, हेच व्यवहार्य.

कर्जदाराला आणखी एक बंधन असते व त्याचा त्याला बहुधा विसर पडतो. नोंदणी पुस्तकावर हायपोथिकेशनची नोंद असेतो गाडी एकट्याची नसते. कर्जकरारात बहुधा लेखी संमतीवाचून फेरबदल न करण्याची अट असते. विमा कंपनीला न कळविलेले बदल अपघातानंतर सर्वेक्षकाच्या नजरेतून सुटत नाहीत. दावा वादात पडला किंवा नाकारला गेला, तरी हप्त्याची तारीख पुढे जात नाही. उभ्या, मोडक्या गाडीचे हप्ते पगारातून किंवा वडिलांच्या ठेवीतून जात राहतात. त्यात हे सारे साहित्य वाहनकर्जात सहसा बसत नसल्याने क्रेडिट कार्डावर किंवा वैयक्तिक कर्जावर घेतलेले असते, म्हणजे व्याजाचा दर वाहनकर्जाहून कितीतरी चढा. आणि जुन्या गाडीच्या बाजारात या साहित्याची किंमत क्वचितच मिळते. पुष्कळदा गाडी फार राबविली गेली असेल या शंकेने भाव उतरतोच.

यास्तव पहिले वर्ष गाडी जशी आली तशीच चालवावी. कोठे रुतली, कोठे घासली, कशाची उणीव खरोखर भासली, ते तारखेसह वहीत टिपावे. एक पावसाळा गेल्यावर त्या यादीतल्या निम्म्या वस्तू गळालेल्या दिसतील. उरलेल्यांपैकी जे काम कायद्याच्या चौकटीत बसते ते उन्हाळा संपण्यापूर्वी करून घ्यावे, कारण जूनमध्ये प्रत्येक गॅरेजपुढे रांग असते. काढलेला मूळ बंपर, टायर आणि पाटे भंगारात मात्र देऊ नयेत. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून ते शेवटचा हप्ता फिटेपर्यंत कोठीत जपून ठेवावेत. गाडी विकताना नवा मालक सर्वप्रथम त्यांचीच चौकशी करतो.