विहिरीवरची मोटार आणि इंग्रजीची भीती

कॅम्पस मुलाखतींचा हंगाम आला, की अभियांत्रिकीची मुले आमच्याकडे येऊ लागतात. आम्ही मराठीचे अध्यापक. वस्तुतः आमच्याकडे येण्याचे त्यांना कारण नाही. पण कुणी गावचा असतो, कुणी बारावीपर्यंत आमच्याच वर्गात बसलेला. तक्रार एकच असते : ‘सर, विषय येतो, पण इंग्रजीत तोंड उघडत नाही.’ यावर दोन उत्तरे तयारच आहेत. पहिले, महिन्याभराचा स्पोकन इंग्लिशचा क्लास. दुसरे, मातृभाषेतून अभियांत्रिकी. दुसरे आम्हांस अपुरे वाटते, पहिले फसवे.

अशाच एका मुलाची गोष्ट. विद्युत शाखेचे शेवटचे वर्ष, गुण उत्तम. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हणताच पाठ केलेली तीन वाक्ये त्याने म्हटली आणि चौथ्याला तो थांबला. आम्ही विषय बदलला. त्याच्या वडिलांच्या विहिरीवरची मोटार उन्हाळ्यात जळाली होती; ती का जळाली, असे मराठीत विचारले. मुलगा खुर्चीत पुढे सरकला. तीनपैकी एक फेज गेला, तरी चालू मोटार लगेच थांबत नाही; पाणी उपसण्याचा भार तसाच असतो, म्हणून ती उरलेल्या दोन फेजांमधून जास्त करंट ओढते; वाइंडिंग तापते आणि प्रिव्हेंटर बसवलेला नसेल, तर जळते. विजेतले ओ की ठो न कळणाऱ्या आम्हांलाही ते समजले. पुढे प्रत्यक्ष मुलाखतीत त्याला मोटारीबद्दल कुणी विचारले नाही.

त्याच्या बोलण्यातली नामे पाहा : फेज, करंट, वाइंडिंग, प्रिव्हेंटर. ती इंग्रजीच आहेत. मराठी होते ते ‘तरी’, ‘म्हणून’, ‘नसेल तर’. विचाराचे हे सांधे इंग्रजीत जुळवण्याचा सराव आठ सत्रांत त्याच्याकडून कुणी करून घेतला नाही. ओरलला एका शब्दाचे उत्तर चालते आणि सबमिशनची फाइल मित्राची उतरवता येते. क्लासवाले तर त्याला टायची गाठ, हस्तांदोलन आणि ‘आत्मविश्वास’ विकतात. म्हणजे उणीव शिकवण्यात नाही, तुझ्या स्वभावात आहे, असे त्याला पैसे घेऊन सांगितले जाते. भीती वाढणार नाही तर काय होईल?

मातृभाषावाद्यांशी आमचे भांडण नाही. मराठीत अभियांत्रिकी शिकवता येत नाही, हा समज खोटाच आहे. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी एतद्देशीय मुलांना हे शास्त्र देशी भाषांतून शिकवले होते आणि त्यासाठी गणिताची मराठी पुस्तके सिद्ध केली होती. २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांतील अभ्यासक्रमांना परवानगी मिळाल्यावर पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक शाखेचा मराठी वर्गही निघाला. त्याचे स्वागतच आहे. पण चार वर्षांनी मुलाखत इंग्रजीतच होणार असेल, तर भीती नाहीशी होत नाही, फक्त पुढे ढकलली जाते. आणि ज्या वर्गात विद्यार्थ्याने बोलायचेच नसते, तो मराठीत भरला काय आणि इंग्रजीत भरला काय, मुका तो मुकाच.

येथे आमची स्वतःची झाडाझडती सुरू होते. हा मुलगा मराठीच्या तासाला तरी कधी बोलला होता? कवीला काय म्हणायचे आहे, ते आम्ही सांगितले आणि त्याने उतरवून घेतले. रसग्रहण गाइडातून आले. बारावीच्या तोंडी परीक्षेचे गुण आम्ही कित्येकदा एक वाक्यही न ऐकता भरले. वर्ग मोठा, वेळ कमी, ही सबब हाताशी होतीच. भर सभेत चार माणसांपुढे उभे राहून चुकण्याची सवय ज्या भाषेत सहज लागली असती, तीच भाषा आम्ही त्याला गप्प बसून शिकवली. वर मराठीचा कळवळा व्याख्यानात, आणि आपल्या मुलांचा प्रवेशअर्ज इंग्रजी माध्यमाच्या शाळेत! या मुलांच्या भीतीवर बोलण्याचा अधिकार आम्हांला ही कबुली दिल्यावाचून मिळत नाही.

आमची मागणी साधी आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षापासून प्रत्येकाने पाळीपाळीने फळ्यापाशी उभे राहून एक यंत्र दहा मिनिटे मराठीत समजावून द्यावे आणि इतरांनी शंका विचाराव्यात. पुढच्या आठवड्यात तेच यंत्र इंग्रजीत. वाक्य मोडले तरी मध्येच कुणी टोकू नये, हसू तर नयेच. याला नवे अनुदान लागत नाही. वेळापत्रकात एक तास लागतो, आणि ऐकून घेणारा शिक्षक लागतो.

तसा शिक्षक अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात मिळेल की नाही, हा वाद पुढे करू. आधी आपल्या मराठीच्या तासाला तो आहे काय?